सरांच्या प्रयोगाला पैसे कोण देणार?

संशोधन म्हटलं की पीएचडी, लॅब, फेलोशिप आठवते. पण बीएड करणाऱ्या मित्राला 'कृतिसंशोधन' काय ते विचारा. वर्गातली अडचण शिक्षकानेच हेरायची, उपाय करून बघायचा आणि आधी-नंतरच्या चाचणीने फरक मोजायचा.

जालना जिल्ह्यात अशा अडचणी आहेतच. अंबड, घनसावंगीकडची अनेक कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. परतलेल्या मुलांचं सुटलेलं वाचन कसं भरून काढायचं? उत्तर त्या वर्गातच सापडेल. मार्गदर्शनाला जालन्यात जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे 'डायट' आहे. पण खर्चाचं काय? सर्व शिक्षा अभियानात शैक्षणिक साहित्यासाठी शिक्षकामागे वर्षाला ५०० रुपये असायचे. तेवढ्यात चार्ट, झेरॉक्स होईल. वर्षभराचा प्रयोग नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना १० लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना जाहीर केली. मात्र बक्षीस प्रयोगानंतर येतं, निधी आधी लागतो. सोबत थोडा वेळ आणि प्रयोग फसला तरी चालेल, ही मोकळीकही. उद्या आपल्यातलंच कुणीतरी त्या फळ्यासमोर उभं असणार आहे!