व्यापारस्वातंत्र्याच्या मुळाशी असलेला विवेक

ॲडम स्मिथ यांचे नाव निघाले की बाजारपेठ, स्पर्धा आणि नफा हेच शब्द आठवतात. परंतु अर्थशास्त्राचे जनक मानले गेलेले स्मिथ अर्थशास्त्राचे प्राध्यापक कधीच नव्हते. १७५२ ते १७६४ या काळात स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात ते नीतिशास्त्र शिकवीत असत.

त्यांचे गुरू फ्रान्सिस हचिसन यांना, मनुष्य केवळ स्वार्थानेच चालतो हे मत मान्य नव्हते. दुसऱ्याच्या हितात आनंद मानण्याची वृत्ती उपजतच असते, असे ते प्रतिपादन करीत. याच परंपरेत स्मिथ यांनी १७५९ मध्ये नैतिक भावनांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रत्येकाच्या अंतरी एक निःपक्ष साक्षीदार असतो आणि त्याच्या नजरेने आपण स्वतःचे वर्तन तपासू शकतो, असा त्यांचा विचार होता. स्वतःवर अंकुश ठेवू शकणाऱ्या माणसाच्या उद्योगावर राजसत्तेने पदोपदी पहारा ठेवण्याची गरज उरत नाही. उदारमतवादाचे एक मूळ येथे सापडते.

१७७६ मधील ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथात त्यांनी खुल्या व्यापाराचा पुरस्कार केला. तथापि व्यापाऱ्यांना मोकळे रान दिले नाही. एकाच धंद्यातील लोक एकत्र जमले की भाव वाढविण्याचे संगनमत होते, असा इशारा त्यांनी दिला. ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीवर आणि बंगालमधील कारभारावरही त्यांनी कठोर टीका केली.

स्कॉटलंडमधील एअर बँकेचे उदाहरण तर त्यांच्या डोळ्यांसमोरच घडले. १७६९ मध्ये निघालेल्या या बँकेने सढळ हाताने कर्जे दिली आणि १७७२ मध्ये तिची देणी थांबली. भागीदारांची जबाबदारी अमर्याद असल्याने अनेकांच्या जमिनी विकल्या गेल्या. लहान रकमेच्या नोटा काढण्यास बँकांना बंदी असावी, असे स्मिथ यांचे मत होते. असे निर्बंध स्वातंत्र्यात हस्तक्षेप करतात, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. मात्र आग पसरू नये म्हणून दोन घरांमध्ये भिंत बांधण्याची सक्ती करणे जसे योग्य, तसेच हेही योग्य, असा त्यांचा युक्तिवाद होता.

१७९० मध्ये, मृत्यूच्या वर्षीच, नीतिग्रंथाची सुधारित आवृत्ती निघाली. श्रीमंतांचे कौतुक आणि गरिबांची उपेक्षा यांमुळे माणसाची नीतिबुद्धी भ्रष्ट होते, हे प्रकरण त्यांनी तीत नव्याने जोडले होते. संपत्तीचे शास्त्र सांगणाऱ्या या विचारवंताची अखेरची चिंता संपत्तीच्या मोहाविषयी होती, हे पेढीवर बसणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी ठेवण्यासारखे आहे.