सरकी, रुई आणि पाना

मार्च 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब–खामगाव लोहमार्ग खुला झाला आणि खामगाव ही वऱ्हाडच्या कापसाची पेठ मुंबई बंदराशी थेट जोडली गेली. पुढे येथे सरकीपासून रुई वेगळी करणारे जिनिंगचे आणि त्या रुईच्या गाठी बांधणारे प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. जिनला हाताने कापूस पुरवण्याचे काम कापूसपट्ट्यात बव्हंशी स्त्रियांकडेच असल्याने त्यांना कारखान्यात ‘आणण्याचा’ प्रश्न येथे फारसा नव्हता. त्या यंत्रासमोर होत्याच, पण यंत्र उघडण्याचा पाना फिटरच्या, म्हणजे पुरुषाच्या, हाती राहिला.

कायद्यानेही ही वाटणी पक्की केली. 1891 च्या कारखाना कायद्याने स्त्रियांचा दिवस 11 तासांवर आणला, तरी हंगामी जिन त्यातून निसटले आणि ते 1911 मध्येच कक्षेत आले. 1948 च्या कारखाना अधिनियमातील कलम 27 ने प्रेसिंगच्या ज्या भागात कापूस पिंजणारा ‘ओपनर’ चालतो तेथे, छतापर्यंत भिंत असल्याखेरीज, स्त्रियांना मनाई केली, तर कलम 66 ने त्यांची रात्रपाळी रोखली. हेतू संरक्षणाचाच होता. मात्र रात्रपाळीला न येणाऱ्या कारागिराला फिटर म्हणून कोण घेणार, हा प्रश्न कायद्याने विचारला नाही. पाळणाघराच्या कलमाचा तिढा तर याहून विचित्र होता: 1976 पासून तीसहून अधिक स्त्रिया असतील तरच ते बंधनकारक असल्याने एकतिसावी स्त्री मालकाला महाग पडे.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेत पाळणाघरासाठीची ही मोजणी स्त्री-पुरुष मिळून पन्नासहून अधिक कामगारांची झाली आहे आणि स्त्रीच्या संमतीने, सुरक्षेच्या अटींवर, रात्रपाळीही खुली झाली आहे. अर्थात, मुकादमामार्फत रोजंदारीवर आलेल्या बाईची संमती कितपत मोकळी, हे कागदावरून कळत नाही.

फिटर, टर्नर, वेल्डर हे व्यवसाय शिकवणाऱ्या राज्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, म्हणजे आयटीआयमध्ये, 30 टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात. त्या शिक्षणाचे मोल जिनिंगच्या वार्षिक चक्रातून उमगते, कारण कापसाची आवक थांबली की कापूस पुरवणाऱ्या मजुराचे काम संपते, तर रोलरवरील चामड्याला पुन्हा खाचा पाडणे, स्थिर व हलत्या सुऱ्यांमधील अंतर जुळवणे आणि पुढच्या हंगामापूर्वी जिन उघडून दुरुस्त करणे ही फिटरची कामे त्यानंतरही उरतात.