मानेतले चार चिमुकले आणि रक्तातलं कॅल्शियम

रिपोर्टमध्ये कॅल्शियम वाढलेलं दिसलं की घरात पहिली गदा येते दुधावर. दूध बिचारं सहसा निर्दोष असतं! मग खरा आरोपी कोण?

● शेजार थायरॉइडचा, खातं वेगळं! थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम दर डेसिलिटरमागे साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅमच्या दरम्यान ठेवणं ही त्यांची जबाबदारी. एखादीवर गाठ आली, की तिच्यातून येणारं पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोन) भरमसाट वाढतं आणि हाडांतलं कॅल्शियम रक्तात उतरतं. गाठ बहुधा कर्करोगाची नसते.

● शोध लागला गेंड्यात! लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला भारतीय गेंडा १८४९मध्ये मेला. त्याच्या विच्छेदनात रिचर्ड ओवेन यांना ही ग्रंथी दिसली. माणसातल्या ग्रंथींचं वर्णन १८८०मध्ये प्रसिद्ध केलं स्वीडनच्या ईवार सँडस्ट्रॉम यांनी.

● कप्तान बुटका झाला! अमेरिकी जहाजाचे कप्तान चार्ल्स मार्टेल यांची हाडं अशाच गाठीमुळे इतकी झिजली, की उंची सुमारे १८ सेंटिमीटरने घटली. सहा ऑपरेशनं फसली. १९३२मध्ये सातव्या ऑपरेशनात गाठ सापडली, तीही मानेत नव्हे, छातीत!

● ऑपरेशन कधी? पीटीएचचा दोष पक्का झाला आणि पुढीलपैकी एकही गोष्ट असली, तर डॉक्टर सहसा ऑपरेशन सुचवतात: कॅल्शियम कमाल मर्यादेपेक्षा १ मिलिग्रॅमहून जास्त, वय पन्नाशीच्या आत, ठिसूळ हाडं, मणक्याचं फ्रॅक्चर, मुतखडा किंवा मंदावलेली किडनी.

● निकाल टेबलावरच! पीटीएच रक्तातून काही मिनिटांत ओसरतं. गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी ते निम्म्याहून खाली आलं, तर सर्जन निश्चिंत.

● गळ्यातली ग्रंथी हातात! चारही ग्रंथी बिघडल्या असतील, तर कधीकधी सगळ्या काढून एकीचा तुकडा मनगट आणि कोपराच्या मधल्या स्नायूत रुजवतात. तो तिथूनच काम करतो.

● दरवेळी सुरी नको! ड जीवनसत्त्वाचा अतिरेक, लिथियम, बीपीच्या काही गोळ्या किंवा कर्करोग यांनीही कॅल्शियम वाढतं. काही घराण्यांत ते जन्मापासूनच थोडं जास्त असतं. तिथे ऑपरेशनचा उपयोग नाही. म्हणून आधी पीटीएच तपासा.

आणि कॅल्शियम १४च्या वर, जोडीला उलट्या नि गुंगी? मग सल्ले विचारत बसू नका, तडक इस्पितळ गाठा!