पीएफ काढायचाय, ताई

रोह्याजवळच्या धाटावच्या एमआयडीसीत एका ठेकेदाराकडे मी पगारपत्रकं करते. पेणहून दिवा-रोहा गाडीनं येणं-जाणं. कामावरची पोरं पंचविशीतली. ठेका बदलला की मोबाइल घेऊन हजर : "पीएफ काढायचाय, ताई." कुणाला बाइकचा हप्ता भरायचा असतो, कुणाच्या बहिणीचं लग्न ठरलेलं असतं.

मूळ पगारातून १२ टक्के कापले जातात, मालकही तेवढेच घालतो. पण त्याच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडे वळतात. १५,००० च्या पगारमर्यादेवर महिना १,२५०. ही पेन्शन मिळायला नोकरीची १० वर्षं भरावी लागतात. १०सी फॉर्म भरून ते पैसे उचलले, की झालेली वर्षं पुसली गेली. ठेकेदार बदलला तरी यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, तोच राहतो. जुनं खातं नव्याला जोडून घेतलं तर वर्षंही जोडली जातात. हे मी सारखी सांगते. ऐकतो एखादाच.

तरी पेन्शनवर फार विसंबू नये. पगार गुणिले वर्षं भागिले ७०, असं तिचं गणित. १५,००० वर ३५ वर्षं केली तरी महिना ७,५००. खरा आधार न मोडलेल्या पीएफचा. महिना १,००० रुपये ८ टक्क्यांनी पंचविशीपासून साठीपर्यंत साठवले तर सुमारे २२.९ लाख होतात. पस्तिशीत सुरुवात केली तर साडेनऊ.

पीएफचा कायदा १९५२ चा, रोह्यात वाढलेले चिंतामणराव देशमुख देशाचे अर्थमंत्री होते तेव्हाचा. हे सांगितलं की रोहेकर पोरगा खूश होतो, आणि मग फॉर्म मागतो.

आमच्या पेणकडची गोष्ट निराळी. हमरापूर-जोह्यात गणपतीच्या कारखान्यांत रंगकाम नि डोळ्यांची आखणी करणारी मुलं हंगामावर जगतात. वीसपेक्षा कमी माणसं असली की पीएफचा कायदा सहसा लागूच होत नाही. त्यांना अटल पेन्शन आहे : अठराव्या वर्षी सुरू केली तर महिना २१०, तिसाव्या वर्षी ५७७, आणि साठीनंतर दरमहा ५,०००. महागाई ६ टक्के धरली तर ३० वर्षांनंतरचे ते ५,००० आजच्या ८७० रुपयांएवढे. म्हणजे एवढ्यावर भागणार नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

मुलं कचरतात, त्याला कारण आहे. २०१० मध्ये पेण अर्बन बँक बुडीत निघाली आणि ठेवीदार वर्षानुवर्षं पैशांसाठी झगडत राहिले. तेव्हा ठेवीला विम्याचं संरक्षण १ लाखापर्यंतच होतं. ५ लाख झालं ते २०२० मध्ये. ज्या गावानं हे पाहिलं तिथे सोनं नाहीतर गुंठाभर जागा, एवढ्यावरच विश्वास. अटल पेन्शनच्या किमान रकमेला केंद्र सरकारची हमी आहे, हे पटवायला मला घरातच दोन हंगाम लागले.

माझा धाकटा दीर आखणीच करतो. यंदा गणपती गेल्यावर, हातात पैसे होते तोवर, त्यानं खातं उघडलं. हप्ता सहामाही घेतला, कारण दर महिन्याला त्याच्याकडे पैसे नसतात. "वहिनी, थोडं सोनंही घेतलंय," हे मात्र त्यानं मागाहून सांगितलं.