तिपाईचा आधार घ्या, मगच चाप ओढा



तूर शेंगेवर आणि हरभरा घाट्यावर आला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात घरोघरची जागल सुरू होते. रोही उभे पीक खाते, रानडुक्कर खाते त्याहून जास्त तुडवते. मग गावातल्या परवानाधारकाच्या बंदुकीची आठवण होते.

आधी कायद्याचे सांगतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर रोही व रानडुक्कर दोन्ही दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाचे नुकसान होत असेल, तर कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला वनअधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. तो कागद हाती नसेल तर बंदूक घरीच ठेवा. कुंपणात वीज सोडण्याचा विचार तर मनातही आणू नका. त्याने माणसेही मेली आहेत आणि वाघही.

परवानगी मिळाली, तरी खरी काळजी पुढेच आहे. हातावर तोललेली बंदूक स्थिर राहत नाही. श्वासाने हलते, छातीच्या ठोक्याने हलते, थंडीत तर फारच. हिशेब करून पाहा. नळी 70 सेंटिमीटरची धरली आणि तिचे टोक फक्त 3 मिलिमीटर ढळले, तर 50 मीटरवर गोळी 21 सेंटिमीटर बाजूला जाते. डुकराचे काळीज-फुप्फुस पुढच्या पायामागे, जेमतेम वीतभर जागेत असते. तेवढ्या ढळण्याने गोळी पोटात बसते. असे जखमी डुक्कर पऱ्हाटीत दडून बसते, आणि सकाळी कापूस वेचायला गेलेल्या बायांच्या अंगावर येते. नेम चुकण्याची किंमत बंदूकवाला नव्हे, त्या बाया मोजतात.

यावर उपाय जुनाच आहे. सोळाव्या शतकात युरोपातले शिपाई तोड्याची जड बंदूक दुबेळक्या काठीवर टेकवून डागत. आफ्रिकेतले शिकारी आजही तीन काठ्यांची तिपाई बरोबर नेतात. आपल्याकडे बांबूला काय तोटा?

बसून वापरायला सुमारे 3 फुटांच्या तीन सरळ, वाळलेल्या काठ्या घ्या. वरून वीतभर खाली सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळा, पण पाय फाकतील इतपत ढिलाई ठेवा. वरच्या बेचक्यात गोणपाटाची घडी बांधा. उभ्याने वापरायची तिपाई खांद्याइतकी उंच लागते, पण माझे मत विचाराल तर बसूनच बरे. दोन्ही कोपरे गुडघ्यांवर टेकले की दस्त्याकडची बाजूही स्थिर होते. तिपाईने फक्त पुढची बाजू सावरते, हे पुष्कळजण विसरतात.

बेचक्यात नळी टेकवू नका, नळीखालचे लाकूड टेकवा. नळी कठीण वस्तूवर टेकली की बार उडताना उसळते आणि नेम सुटतो. उतारावर दोन पाय खालच्या अंगाला, एक वरच्या अंगाला रोवा. काळ्या मातीत पाय रुततात, तेव्हा खाली फरशीचे तुकडे ठेवा. अर्धा श्वास सोडून थांबा, माशी जागेवर दिसली की चाप हळू ओढा. झटका देऊ नका. सराव दिवसा, बंदूक रिकामी करून, दोनदा तपासून करावा.

आपल्याकडे बहुतेक बंदुका गुळगुळीत नळीच्या किंवा ठासणीच्या. तिपाई घेतली म्हणून त्यांचा पल्ला वाढत नाही. 30-40 पावलांपलीकडे मोह आवरा. मचाण असेल तर आडव्या बांबूवर पोते टाकून तोच आधार घ्या. मचाणावरून गोळी जमिनीत जाते, हा मोठा फायदा. जमिनीवर बसला असाल तर जनावरामागे मातीचा बांध असल्याशिवाय बार काढू नका, कारण पलीकडच्या धुऱ्यावरही कोणीतरी जागलीला असतो.

आणि तुरीत हलले ते डुक्करच, असे धरून चालू नका. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ 2019 मध्ये तेलंगणाची हद्द ओलांडून, शेताशिवारांतून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पूर्ण जनावर दिसेपर्यंत बोट चापाबाहेर राहू द्या.

जनावर पडले तरी लगेच जवळ जाऊ नका. वनरक्षकाला कळवा. कायद्याने ते सरकारची मालमत्ता ठरते, मांसाचे वाटे करता येत नाहीत.