मिरीचा गंध, जांभळाचा रंग

डोंबिवलीहून कसारा घाट ओलांडला की नाशिकची द्राक्षभूमी लागते. तिथल्या ‘सुला’च्या शिराझ-कॅबर्ने या रेड वाइनमध्ये दोन द्राक्षवाणांचा मेळ आहे. शिराझ म्हणजे फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातलं सिरा. ऑस्ट्रेलियात त्याचं शिराझ हे नाव रुळलं.

चव घेताना घाई नको.

डोंबिवलीच्या उकाड्यात बाटली आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावी. १६ ते १८ अंश तापमान उत्तम. ग्लास एक तृतीयांश भरून हलकेच फिरवावा, मग हुंगावा. गडद फळांच्या वासामागून काळ्या मिरीचा गंध येतो. तो रोटुंडोन या संयुगाचा. मिरीतही तेच असतं.

घोट तोंडात घोळवला की टॅनिनचा तुरटपणा हिरड्यांवर जाणवतो. सोबत भाजलेलं मटण असेल, तर तो सौम्य होतो. झणझणीत रश्श्याबरोबर मात्र अधिक बोचतो.