फोनला ‘ऊस’ कळतो, मग ‘उसाला’ का कळत नाही?

मागच्या दिवाळीत वरवंडला घरी गेलो होतो. शेतीच्या नोंदी ठेवायला मी बनवलेल्या अ‍ॅपमध्ये अप्पांनी ‘ऊस’ असं शोधलं. उत्तर आलं, ‘एकही नोंद नाही’. उसाची लागण, उसाला दिलेलं खत, सगळं त्यांनी त्यातच लिहिलं होतं. “तुझ्या अ‍ॅपला मराठी येत नाही का रे?” अप्पा म्हणाले. चूक माझीच होती.

मी लिहिलेला शोध अक्षराला अक्षर जुळवायचा. इंग्रजीत हे बऱ्यापैकी चालतं, कारण तिथे ‘ऑफ’, ‘टू’ हे शब्द वेगळे राहतात. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतो, आणि त्याआधी शब्दाचं रूपही बदलतं. शाळेत शिकलेलं सामान्यरूप ते हेच! पाणी–पाण्यात, घोडा–घोड्याला. ‘ऊस’चं ‘उसाला’ होताना तर पहिलंच अक्षर बदलतं. युनिकोडमध्ये ‘ऊ’ आणि ‘उ’ यांचे क्रमांक वेगळे, म्हणजे फोनच्या दृष्टीने दोन्ही शब्दांचा काही संबंधच नाही.

कंबोडियाच्या ख्मेर भाषेत दुखणं वेगळं आहे. तिची लिपी देवनागरीसारखीच ब्राह्मीच्या घराण्यातली. तिथे नामाला विभक्तीचे प्रत्यय लागत नाहीत, पण दोन शब्दांमध्ये सहसा जागाही सोडत नाहीत. त्यामुळे शब्द कुठे संपला, हेच फोनला आधी ओळखावं लागतं.

आपल्याकडे आणखी एक गंमत आहे. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. या ‘ऱ्य’साठी ‘र’ नाही, तर नुक्तावाला ‘ऱ’ टाइप करावा लागतो. तो चुकला की लग्नाच्या जेवणाचे पैसे थेट गुरुजींना!

मग मी काय केलं? शोधताना ऱ्हस्व-दीर्घ एकच धरले, नेहमीचे प्रत्यय काढून टाकले आणि सामान्यरूपांचा छोटा तक्ता जोडला. तोटा एवढाच, की आता ‘दिन’ शोधलं की ‘दीन’ही येतं. पण नोंद हरवण्यापेक्षा दोन नोंदी जास्त दिसलेल्या बऱ्या.

तुमच्या फोनमध्ये एखादी मराठी नोट सापडत नसेल, तर शब्दाचा न बदलणारा भाग टाकून बघा: ‘पाणी’ऐवजी ‘पाण’. आणि ‘ऊस’ शोधताना एकदा ‘उसा’ही टाका. अप्पांना मात्र आता हे करावं लागत नाही.